चौदा दिवसांची गोळी घ्या, पण लघवीचा रंग पाहा

पावसाळा ओसरू लागला, नाल्या-डबक्यांतून पाणी साचून राहिले, की दवाखान्यात थंडी वाजून येणाऱ्या तापाचे रुग्ण येऊ लागतात. आपल्या खानदेशात जुनी माणसे अजूनही त्याला नुसते 'हिव' म्हणतात. सरकारी कागदावर तो 'हिवताप' असतो आणि औषधाच्या दुकानात 'मलेरिया'. नाव काहीही द्या, दुखणे तेच. आधी हुडहुडी, मग भट्टीसारखा ताप, मग दरदरून घाम, आणि घाम आला की रुग्ण म्हणतो, "आता बरं वाटतंय, जातो कामावर."

या रोगाने आपल्या देशाचे केवढे नुकसान केले याची आजच्या तरुण वाचकांना कल्पना नसेल. स्वातंत्र्याच्या सुमारास देशात दर वर्षी साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि सुमारे आठ लाख लोक त्यात दगावत, असा तेव्हाचा अंदाज होता. १९५३ साली राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, १९५८ साली त्याचे निर्मूलन कार्यक्रमात रूपांतर झाले. घरोघर डीडीटीची फवारणी झाली आणि १९६५ च्या सुमारास वर्षाचे रुग्ण लाखावर आले. आपण जिंकलो असे वाटून हात सैल सोडला. १९७६ साली तोच आकडा चौसष्ट लाखांवर गेला! आज रोग पुन्हा पुष्कळ आटोक्यात आहे. २०२७ पर्यंत देशात लागण झालेला एकही नवा रुग्ण नसावा आणि २०३० पर्यंत हिवताप हद्दपार व्हावा, असे उद्दिष्ट सरकारने ठेवले आहे.

हे उद्दिष्ट ज्या एका लहानशा गोळीवाचून साध्य होणार नाही, त्या गोळीविषयी आज बोलायचे आहे. तिचे नाव प्रायमाक्विन. बहुतेकांना ती 'चौदा दिवसांची गोळी' म्हणून माहीत असते.

वरून कापली, मुळी राहिली

आपल्याकडे आढळणारा हिवताप मुख्यतः दोन जातींचा. एक व्हायव्हॅक्स आणि दुसरा फाल्सिपेरम. फाल्सिपेरम मेंदूपर्यंत जाऊन जीव घेऊ शकतो, म्हणून त्याला सगळेच घाबरतात. व्हायव्हॅक्स त्या मानाने सौम्य समजला जातो, पण तो चिवट आहे. डास चावल्यावर त्याचे काही जंतू रक्तात न उतरता यकृतात झोप घेत पडून राहतात. रक्तातल्या जंतूंना क्लोरोक्विन मारते. प्रौढ माणसाला पहिल्या दिवशी चार, दुसऱ्या दिवशी चार आणि तिसऱ्या दिवशी दोन गोळ्या दिल्या की ताप उतरतो. पण यकृतातल्या झोपलेल्या जंतूंना क्लोरोक्विनचा धक्काही लागत नाही. काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी ते जागे होतात आणि नवा डास न चावताही तोच ताप पुन्हा येतो.

शेतकरी वाचकांना हराळीचे उदाहरण पटेल. वरून खुरपली तर शेत चार दिवस स्वच्छ दिसते, पण मुळी खाली शिल्लक असते. प्रायमाक्विन ही मुळी उपटते, म्हणूनच आरोग्य खाते तिला 'समूळ उपचार' म्हणते. मोठ्या माणसाला रोज पंधरा मिलिग्रॅम, म्हणजे साडेसात मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या, सलग चौदा दिवस. मुलांचा डोस वजनावर ठरतो. पूर्वी आपल्या कार्यक्रमात हा उपचार पाचच दिवसांचा होता. तेवढ्याने ताप उलटणे थांबत नाही असे लक्षात आल्यावर तो चौदा दिवसांचा करण्यात आला.

चौथ्या दिवशी ताप नसतो, तोंडाला चव येते, कापूस वेचायला किंवा केळीच्या बागेत जायची घाई असते, आणि उरलेल्या गोळ्या खिडकीतल्या डब्यात पडून राहतात. दोन महिन्यांनी ताप उलटला की लोक म्हणतात, "गोळी लागूच पडत नाही." गोळी लागू पडते. ती पोटात जावी लागते एवढेच.

गोळीची दुसरी बाजू

इथवर वाचून कोणी म्हणेल, मग डॉक्टरसाहेब, सरळ सर्वांना चौदा दिवस गोळी द्या आणि मोकळे व्हा. तसे करता येत नाही.

आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशींमध्ये जी-६-पी-डी नावाचे एक विकर, म्हणजे एन्झाइम असते. पेशींना गंज चढू नये म्हणून ते पहारा देत असते. काही माणसांत हा पहारेकरी जन्मतःच दुबळा असतो. एरवी त्यांना काहीच त्रास नसतो. ती नांगर धरतात, ओझी उचलतात, लग्नाच्या वरातीत रात्रभर नाचतात. आपल्या रक्तात काही उणे आहे हे त्यांना आयुष्यभर कळतही नाही. पण अशा माणसाच्या पोटात प्रायमाक्विन गेले, की त्याच्या तांबड्या पेशी फुटू लागतात. फुटलेल्या पेशींतला रंग लघवीत उतरतो, डोळे पिवळे होतात, धाप लागते, रक्त झपाट्याने कमी होते. कमतरता तीव्र असेल तर मूत्रपिंडावर ताण येतो आणि जिवावर बेतू शकते.

हे कोडे उलगडले तेही याच गोळीमुळे. कोरियाच्या युद्धाहून परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांना १९५१ च्या सुमारास प्रायमाक्विन देण्यात येत होते. त्यातल्या काहींचे रक्त फुटे, काहींचे नाही. असे का, याचा शोध घेताना १९५६ साली शिकागोच्या संशोधकांना या विकराची कमतरता सापडली. भारतातही १९६३ पासून तिच्या नोंदी आहेत. आपल्या देशातल्या एका प्रकाराचे नावच 'केरळ-कल्याण' आहे. त्यातले कल्याण म्हणजे आपल्या रेल्वेमार्गावरचे कल्याणच!

ही कमतरता सगळीकडे सारखी नाही. काही समाजांत ती तुरळक, तर काहींत दर शंभर पुरुषांत दहाहून अधिक जणांत सापडते. जिथे पिढ्यान्‌पिढ्या हिवताप नांदला तिथे ती जास्त दिसते, कारण हिवतापाच्या जंतूला अशा पेशींत नीट वाढता येत नाही. म्हणजे एके काळी ज्या गुणाने माणसे जगली, तोच गुण आज औषधाच्या वेळी आडवा येतो. चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, साक्री या तालुक्यांतल्या आणि पलीकडे धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरपट्ट्यातल्या लोकांनी आणि तिथे काम करणाऱ्या डॉक्टरांनी म्हणूनच या गोष्टीकडे अधिक लक्ष दिले पाहिजे.

उष्णता नव्हे, कावीळही नव्हे

काही वर्षांपूर्वी सातपुड्याच्या पायथ्याकडचा एक तरुण, केळीच्या बागेत रखवाली करणारा, माझ्याकडे आला. थोरल्या भावाने मोटारसायकलवर धरून आणले होते. थंडीताप आला म्हणून एका दुकानातून रक्त न तपासताच क्लोरोक्विन आणि चौदा दिवसांच्या गोळ्या घेतल्या होत्या. चौथ्या दिवसापासून लघवी दूध न घातलेल्या चहासारखी होत होती. भाऊ म्हणाला, "उष्णता झाली असेल डॉक्टर, धने-जिऱ्याचं पाणी देतोय." शेजारच्या म्हातारीने डोळे पिवळे पाहून कावीळ ठरवली होती आणि कावीळ उतरवणाऱ्याकडे न्यायचा बेत चालला होता. आणखी दोन दिवस तिकडे गेले असते तर काय झाले असते ते सांगायला नको. गोळ्या बंद केल्या, त्याला मोठ्या रुग्णालयात पाठवले, तिथे रक्त चढवावे लागले. पोरगा बरा झाला. पुढे अडीच-तीन महिन्यांनी तपासणी केली तेव्हा जी-६-पी-डी कमी असल्याचे पक्के झाले.

लगेच तपासणी का केली नाही, असे वाचक विचारतील. जुन्या दुबळ्या पेशी फुटून गेल्यावर रक्तात ताज्या पेशी येतात आणि त्यांत हे विकर जरा जास्त असते. त्यामुळे त्या वेळची तपासणी फसवी ठरू शकते, नुकतेच रक्त चढवलेले असेल तरीही. दुसरी गोष्ट, हा दोष आईकडून मुलाकडे येतो. आईला स्वतःला बहुधा काही त्रास नसतो, पण तिच्या मुलांपैकी काहींत तो उतरतो. म्हणून थोरल्या भावालाही तपासून घ्यायला सांगितले. घरात मामाला किंवा भावाला कधी औषधाने लघवी काळी झाली असेल तर ते डॉक्टरला सांगावे, ते याचसाठी.

इथे एक खुलासा. बी-कॉम्प्लेक्सच्या गोळीने लघवी हळदीसारखी पिवळीधमक होते, क्षयाच्या एका औषधाने ती नारिंगी होते. त्याला घाबरू नये. आपल्याला भ्यायचे आहे ते चहाच्या, काकवीच्या किंवा कोकमाच्या रंगाला.

गोळी सुरू करण्यापूर्वी

पुढील गोष्टी कापून ठेवाव्यात अशी माझी वाचकांना विनंती आहे.

१) रक्त तपासल्याशिवाय हिवतापाचे औषध घेऊ नये. बोटातून थेंबभर रक्त घेऊन काचपट्टीवर किंवा झटपट किटवर तपासणी होते. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती मोफत असते, आशाताईंकडेही किट असते. डेंग्यू आणि टायफॉइडमध्येही अशीच थंडी वाजते.

२) हिवताप कोणत्या जातीचा, हे विचारावे. चौदा दिवसांचे प्रायमाक्विन व्हायव्हॅक्ससाठी असते. फाल्सिपेरममध्ये वेगळी औषधे असतात आणि प्रायमाक्विनचा एकच डोस असतो.

३) गर्भवतीने प्रायमाक्विन घेऊ नये, कारण पोटातल्या बाळाच्या रक्ताची आपल्याला माहिती नसते. तिच्या व्हायव्हॅक्स हिवतापावर क्लोरोक्विन द्यावे आणि समूळ उपचाराचा विचार बाळंतपणानंतर करावा. एक वर्षाच्या आतील बाळाला ही गोळी देत नाहीत. अंगावर पाजणाऱ्या आईने डॉक्टरला तसे आधी सांगावे.

४) पूर्वी एखाद्या औषधाने लघवी काळी झाली असेल, रक्त चढवावे लागले असेल, घरात कोणाला तसे झाले असेल, तर पहिली गोळी तोंडात टाकण्यापूर्वी सांगावे. अशा माणसांनी कपाटातल्या डांबराच्या गोळ्यांपासूनही दूर राहिलेले बरे. त्यांनीही रक्त फुटू शकते.

५) क्लोरोक्विन आणि प्रायमाक्विन दोन्ही जेवणानंतर घ्यावीत. उपाशीपोटी घेतल्यास मळमळ, उलटी, पोटात कळ येते. क्लोरोक्विनने कोणाकोणाला अंगाला खाज सुटते, थोडा वेळ अंधुक दिसते. हे बहुधा आपोआप जाते.

६) पहिले आठ दिवस रोज सकाळी लघवीचा रंग पाहावा. शक्यतो पांढऱ्या भांड्यात किंवा काचेच्या बाटलीत पाहावा, मातीवर रंग कळत नाही. लघवी काळपट, डोळे पिवळे, ओठ निळसर, धाप, पोटात जोराची कळ, यांपैकी काहीही दिसले तर प्रायमाक्विन त्याच क्षणी बंद करून डॉक्टरकडे जावे. उरलेल्या गोळ्यांचे पाकीट सोबत न्यावे.

७) यांपैकी काहीही झाले नाही तर चौदाव्या दिवसाची गोळीसुद्धा घ्यावी.

८) गोळ्या मुलांच्या हाती लागू देऊ नयेत. क्लोरोक्विनच्या थोड्याशा जास्त गोळ्यांनीही लहान मुलाचा जीव जाऊ शकतो.

'सोय असल्यास'

आता ज्या मुद्द्यासाठी लेखणी हाती घेतली त्याकडे येतो. राष्ट्रीय हिवताप कार्यक्रमाच्या मार्गदर्शक सूचनांत या धोक्याची नोंद आहे. जिथे जी-६-पी-डीची कमतरता जास्त असल्याचे माहीत आहे, तिथे प्रायमाक्विन जपून द्यावे आणि सोय असल्यास तपासणी करावी, असे त्यांचे म्हणणे आहे. सूचना योग्यच आहे. पण 'सोय असल्यास' या दोन शब्दांत सगळे अडते. सोय असते ती शहरातल्या मोठ्या प्रयोगशाळेत. ज्याला तिची सर्वाधिक गरज, तो राहतो वैजापूरच्या किंवा बोराडीच्या पलीकडच्या पाड्यावर. त्याने मजुरी बुडवून, एसटीचे भाडे खर्चून शहरात यावे आणि मग परत जाऊन गोळी घ्यावी, ही अपेक्षा धरणे म्हणजे तपासणी होणारच नाही हे गृहीत धरणे.

माझे म्हणणे असे, की सातपुड्याच्या पट्ट्यातल्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात, आणि जमेल तिथे प्राथमिक आरोग्य केंद्रात, ही तपासणी कायमची उपलब्ध असावी. बोटाच्या रक्तावर काही मिनिटांत उत्तर देणारी किट आणि हातात मावणारी यंत्रे आज निघाली आहेत. खर्चाचा प्रश्न कोणी काढील. पण ज्या रोगाचे रुग्णच आता कमी उरले आहेत, त्याच्या रुग्णांची तपासणी किती महाग पडणार? शिवाय ही तपासणी दर वर्षी करायची नाही. जन्मात एकदा केली, कार्डावर लिहून ठेवली, की झाले.

दुसरी गोष्ट त्याहून सोपी आहे. सिकलसेलच्या तपासणीसाठी आदिवासी गावांत आरोग्य कर्मचारी बोट टोचून रक्त घेतातच. राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ रोजी सुरू झाले आणि त्यात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले गेले. सिकलसेल आणि जी-६-पी-डी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक तपासली म्हणजे दुसरी कळते असे नाही. पण माणसे तीच, गावे तीच. मग एकाच टोचण्यात दोन्ही तपासण्या करून एकाच कार्डावर दोन्ही उत्तरे लिहायला काय हरकत आहे?

काही डॉक्टर मित्र म्हणतात, असे लिहू नका, लोक घाबरतील आणि गोळीच टाकून देतील. ही शंका खरी आहे. बहुसंख्य लोकांना या गोळीने काहीही होत नाही, हे मी पुन्हा ठासून सांगतो. पण माहिती लपवून मिळवलेला विश्वास पहिल्या अपघाताबरोबर जातो. पाड्यावरच्या एका पोराची लघवी काळी झाली आणि त्याला आधी कोणी काही सांगितलेले नसले, तर त्या पाड्यावर पुढची दहा वर्षे कोणी सरकारी गोळीला हात लावणार नाही. 'असे झाले तर गोळी थांबव आणि ये' हे आधी सांगितलेले असेल, तर तोच माणूस दुसऱ्याला घेऊन येईल.

आणि कमतरता असलेल्याला समूळ उपचार नाहीच का? आहे. जागतिक आरोग्य संघटनेने अशांसाठी रोजच्याऐवजी आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, डॉक्टरच्या देखरेखीखाली प्रायमाक्विन देण्याची पद्धत सांगितली आहे. तीव्र कमतरतेत ते द्यावे की नाही, हे मात्र डॉक्टरनेच रुग्ण पाहून ठरवायचे. टॅफेनोक्विन नावाचे एकाच डोसाचे औषध २०१८ साली अमेरिकेत मान्य झाले, पण ते शरीरात फार दिवस टिकते. त्यामुळे त्यापूर्वी जी-६-पी-डी तपासणे तर अनिवार्यच आहे. म्हणजे फिरून फिरून आपण त्याच तपासणीपाशी येतो.

दुकानदार आणि डॉक्टर बंधूंना

औषध दुकानदार बंधूंना विनंती, की चिठ्ठीशिवाय प्रायमाक्विन देऊ नका. ताप म्हटल्याबरोबर 'मलेरियाचा कोर्स' काढून देण्याची जुनी सवय आता सोडली पाहिजे. २०२० साली करोनाच्या भीतीने हायड्रॉक्सिक्लोरोक्विन या क्लोरोक्विनच्या भावंडासाठी दुकानांवर कशी झुंबड उडाली, ते आपण पाहिले. अखेर सरकारला त्याच्या विक्रीवर निर्बंध घालावे लागले. पुढे मोठ्या चाचण्यांत त्या औषधाचा करोनावर उपयोग नसल्याचे दिसले.

माझ्या डॉक्टर बंधूंनाही एक सांगणे आहे. साध्या हिवतापाला 'मलेरियाचे इंजेक्शन' टोचून रुग्णाला घरी पाठवणे थांबवू या. आर्टेमिसिनिन गटाची इंजेक्शने गंभीर रुग्णासाठी आहेत, आणि त्यानंतर तोंडाने पूर्ण संयुक्त उपचार द्यावाच लागतो. याच गटाची एकेरी गोळी २००९ साली आपल्या देशात बंद झाली, ती जंतू निर्ढावू नयेत म्हणूनच. आणि प्रायमाक्विन लिहिताना दोन मिनिटे जास्त द्या. घरात कोणाला असा त्रास झाला होता का विचारा, लघवीचा रंग पाहायला सांगा, चौथ्या-पाचव्या दिवशी परत बोलवा. ऊसतोडीला किंवा सुरतेकडे कामाला जाणारा रुग्ण असेल तर चौदा दिवस तो कुठे असणार हेही विचारा, कारण अर्धा उपचार बरोबर घेऊन तो ताप नव्या गावी नेतो.

राहिली वाचकांची बाजू. डास नसेल तर गोळीचा प्रश्नच नाही. आपल्या शहरांत काही दिवसांआड नळाला पाणी येते, म्हणून घरोघर टाक्या आणि पिंपे भरून ठेवावी लागतात. शहरातला हिवतापाचा डास याच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. टाक्यांना घट्ट झाकण लावा आणि आठवड्यातून एक दिवस भांडी कोरडी करा. आणि घरात कोणाला व्हायव्हॅक्स हिवताप निघालाच, तर त्याच्या गोळ्यांचे पाकीट डब्यात पडू देऊ नका. कॅलेंडरवर चौदा खुणा करा, रोज एक खोडा, आणि रोज सकाळी विचारा, "लघवी कशी झाली?" घरातल्या माणसाला हे विचारायला लाजू नये.